बैलगाडा शर्यत

बैलगाडा शर्यत : पुणे जिल्ह्याच्या उत्तर व पश्चिम भागांत ग्रामदैवतांच्या यात्रांच्या निमित्ताने होणारी बैलांची वेगस्पर्धा. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर, हवेली व मुळशी या तालुक्यांत ती विशेष रूढ आहे. विदर्भात या प्रकारच्या शर्यतींना ‘शंकरपट’ म्हणतात. सातारा, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांत सपाट मैदानावर हलक्या गाड्यांच्या शर्यती होतात. या शर्यतींची वैधता, जनावरांना होणारा त्रास व आयोजनाचा खर्च यांवरून २०११ पासून दीर्घकाळ न्यायालयीन व सामाजिक वाद चालू राहिला. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या १८ मे २०२३ च्या निर्णयाने वैधतेचा प्रश्न निकालात निघाला. नियमपालनाचा आणि हिशेबाचा प्रश्न मात्र स्थानिक पातळीवर शिल्लक राहिला.

स्वरूप : इंद्रायणी, पवना व आंद्रा या नद्यांच्या खोऱ्यांनी बनलेला मावळ हा भातशेतीचा प्रदेश. चिखलणीपासून वाहतुकीपर्यंतची कामे बैलांवर अवलंबून असल्यामुळे उत्तम बैल बाळगणे ही येथे प्रतिष्ठेची बाब होती. सुगी संपल्यावर, चैत्र-वैशाखात, गावोगावच्या यात्रा भरतात आणि त्यांत शर्यतींना मानाचे स्थान असते. लोणावळा व तळेगाव दाभाडे ही नगरे असली, तरी शर्यती भरतात त्या प्रामुख्याने खेड्यांतच.

शर्यतीच्या चढत्या धावपट्टीस ‘घाट’ म्हणतात. मैदानी शर्यतीत अनेक गाड्या एकाच वेळी सुटतात. घाटावर मात्र एका वेळी एकच गाडा धावतो व त्याला लागलेला वेळ सेकंदांत मोजला जातो. या धावेस ‘बारी’ अशी संज्ञा आहे. गाडा अतिशय हलका असतो. रूढ पद्धतीत गाड्याला एक जोडी व तिच्या पुढे दुसरी जोडी जुंपतात आणि सर्वांच्या पुढे घोडीवरील स्वार असतो. ठराविक सेकंदांच्या आत अंतर तोडणारे सर्व गाडे एकाच क्रमांकात धरले जातात व त्या क्रमांकाचे बक्षीस त्यांच्यात वाटले जाते. सर्वांत कमी वेळ नोंदविणारा गाडा ‘घाटाचा राजा’ ठरतो. यामुळे वेळ नोंदविणारे पंच हे या स्पर्धेतील महत्त्वाचे घटक असून सेकंदाच्या अंशावरूनही तंटे उद्‌भवतात. शर्यतीसाठी खिलार जातीच्या बैलांना विशेष मागणी असते. ही जात मूळची सोलापूर, सांगली व सातारा या भागांतील असून ती चपळपणाबद्दल प्रसिद्ध आहे.

न्यायालयीन वाद : प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय अधिनियम १९६० साली संमत झाला. त्याच्या कलम २२ नुसार काही प्राण्यांचे खेळ करण्यास मनाई करण्याचा अधिकार केंद्र शासनास आहे. ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश झाला. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०११ मध्ये शर्यतींवर बंदी घातली व मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०१२ मध्ये ती ग्राह्य धरली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यती या दोहोंना मनाई केली. वेदना व भय यांतून जनावराला पळविणे हे माणसाच्या करमणुकीसाठी क्षम्य ठरत नाही, अशी या निर्णयामागील भूमिका होती. ७ जानेवारी २०१६ रोजी केंद्र शासनाने अटींसह शर्यतींना मुभा देणारी अधिसूचना काढली. परंतु पाचच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली.

यानंतर राज्य विधिमंडळाने २०१७ साली मूळ केंद्रीय अधिनियमात महाराष्ट्रापुरती दुरुस्ती केली व तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पुण्यातील एका याचिकेवरून मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. बैलाची शरीररचना घोड्याप्रमाणे धावण्यासाठी अनुकूल नाही, हा मुद्दा त्या वेळी निर्णायक ठरला. राज्य शासनाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि बैलांच्या धावण्याच्या क्षमतेविषयी तज्ञांचा अहवालही करविला. फेब्रुवारी २०१८ मध्ये हे प्रकरण घटनापीठाकडे सोपविण्यात आले. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या दुरुस्तीतील अटींवर शर्यती घेण्यास अंतरिम मुभा दिली. अखेर पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. एखादी प्रथा संस्कृतीचा भाग आहे किंवा नाही हे ठरविण्याचे काम न्यायालयाने विधिमंडळाकडे सोपविले. त्याचबरोबर अटींचे काटेकोर पालन व्हावे, असेही बजावले.

पक्ष-प्रतिपक्ष : प्राणिमित्र संघटनांच्या मते चाबूक, टोचणी, शेपूट पिरगाळणे यांसारख्या उपायांवाचून बैल वेगाने धावत नाही, गर्दी व गोंगाट यांनी तो बिथरतो आणि घसरून पडल्यास त्याचे पाय मोडतात. गाडामालकांचे म्हणणे असे, की शर्यतीच्या बैलाला शेतकरी पोटच्या मुलाप्रमाणे सांभाळतो. शर्यती बंद पडल्यास ट्रॅक्टरच्या युगात बैल पाळण्याचे प्रयोजनच उरणार नाही व खिलारसारख्या जाती नष्ट होतील. या युक्तिवादास २०१५ मध्ये अधिक धार आली. त्या वर्षी राज्यात बैलांच्या कत्तलीसही बंदी झाली व निरुपयोगी बैलाचा भार सर्वस्वी मालकावर पडला. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्यांश आहे. तथापि जातिसंवर्धनाचा लाभ वेगवान अशा मोजक्या बैलांपुरताच मर्यादित राहतो आणि शर्यतीतून बाद झालेल्या बैलाचे पुढे काय होते, याची नोंद ठेवण्याची व्यवस्था या वादात फारशी चर्चिली गेली नाही.

खर्च व सार्वजनिक निधी : परंपरेने शर्यतीचा खर्च गावकीच्या वर्गणीतून होई व बक्षिसे माफक असत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, औद्योगिक वसाहती व गृहबांधणी यांमुळे मावळातील जमिनींचे मोल वाढले, तशी बक्षिसेही वाढली. रोख रकमांबरोबर दुचाकी, मोटारी व ट्रॅक्टर देण्याची प्रथा पडली. लगतच्या पिंपरी-चिंचवडमधील चिखली येथे मे २०२२ मध्ये लोकप्रतिनिधीच्या पुढाकाराने झालेल्या शर्यतीत जेसीबी यंत्रही बक्षीस म्हणून ठेवण्यात आले होते. देणगीदार, उद्योजक व राजकीय पुढारी यांचा सहभाग वाढल्यामुळे पैसा कोणाचा व तो कशासाठी, हा प्रश्न पुढे आला.

या बाबतीत तीन प्रकारचा निधी वेगळा केला पाहिजे. पहिला वर्गणीचा. धार्मिक वा धर्मादाय कारणासाठी नोंदणीकृत न्यासाव्यतिरिक्त इतरांनी वर्गणी जमविल्यास सार्वजनिक न्यास अधिनियम, १९५० अन्वये धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि हिशेब ठेवावा लागतो. दुसरा स्थानिक संस्थांचा. ग्रामपंचायतीचा ग्रामनिधी १९५८ च्या अधिनियमाने नेमून दिलेल्या कामांसाठीच खर्च करता येतो. नगरपरिषदांची अनिवार्य व ऐच्छिक कर्तव्ये १९६५ च्या अधिनियमात दिली आहेत. आग विझविणे हे त्यांतील अनिवार्य कर्तव्य आहे. शर्यतीची बक्षिसे मात्र त्या सदरात बसत नाहीत. या खर्चाची तपासणी स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग करतो. तिसरा प्रकार सेवारूपाचा. पोलीस बंदोबस्त, पशुवैद्यकांची उपस्थिती, रुग्णवाहिका, महसूल अधिकाऱ्यांचा वेळ हे सर्व करदात्यांच्या पैशातून येते, परंतु शर्यतीच्या ताळेबंदात ते कोठेही दिसत नाही.

असा प्रश्न केवळ येथेच उद्‌भवला असे नाही. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात स्वयंसेवी अग्निशामक दलांची पथके शिडी, नळी व मोटारगाड्या यांच्या शर्यतींत उतरतात. या शर्यतींचा उगम बंब ओढत धावण्याच्या जुन्या सरावात असला, तरी शर्यतीसाठीच बांधलेल्या गाड्यांवर कराचा पैसा खर्च व्हावा काय, असा आक्षेप तेथे घेतला गेला आहे. उपयुक्त कौशल्यातून निघालेली स्पर्धा मूळ उपयोगापासून दूर गेली, की तिच्या खर्चाचे समर्थन नव्याने करावे लागते, हे दोन्हीकडे सारखेच लागू पडते.

नियमन : २०१७ च्या नियमांनुसार शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक असून आयोजकांना अनामत रक्कम भरावी लागते. धावपट्टी एक हजार मीटरपेक्षा अधिक लांब असू नये. बैलांची पशुवैद्यकीय तपासणी व्हावी. काठी, चाबूक व विजेचा धक्का देणारी साधने वापरू नयेत. शर्यतीचे चित्रीकरण प्रशासनास सादर करावे, अशा अटी आहेत. बैलास वेदना वा यातना दिल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

या नियमनामुळे यात्रा समितीच्या स्वरूपात मूलभूत बदल झाला. पूर्वी गावाच्या विश्वासावर चालणारी ही स्वयंसेवी मंडळी आता कायद्याच्या दृष्टीने उत्तरदायी आयोजक ठरली आहेत. शर्यतीची वैधता अटींवर उभी असल्याने त्या पाळल्याचा पुरावा, म्हणजे पशुवैद्यकाचा दाखला, चित्रीकरण व जमाखर्चाची वही, हाच तिचा खरा आधार होय. चित्रीकरण पाहिले न गेल्यास आणि जमाखर्च ग्रामसभेपुढे न ठेवल्यास नियम कागदावरच राहतात. मग बैलाच्या हालांबद्दलचा व गावाच्या पैशाबद्दलचा असे दोन्ही वाद दर यात्रेस नव्याने उपस्थित होतात.