बैलगाड्याचा घाट आणि कायद्याची वाट

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत, कुकडी आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांतून, सुगी आटोपल्यावर ज्या यात्रा भरू लागतात, त्यांत ग्रामदैवताच्या पालखीखालोखाल मान असतो तो बैलगाड्याच्या घाटाला. पुढे घोडी, मागे चार बैल, अशी एकेक बारी चढणीवर सुटते आणि सर्वांत कमी सेकंदांत निशाण ओलांडणारा गाडा ‘घाटाचा राजा’ ठरतो. या शर्यतींवर आलेली बंदी आणि ती उठेपर्यंतची सुमारे बारा वर्षे, यांत लोकशाहीतील विधिमंडळ, न्यायसंस्था आणि वृत्तपत्रे यांच्या कार्याचे जे दर्शन घडते, ते नागरिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही इतके स्पष्ट घडत नाही.

प्रारंभ झाला तो संसदेने १९६० साली केलेल्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यातून. कोणत्या प्राण्यांना खेळासाठी शिकवू नये वा लोकांपुढे मांडू नये, हे अधिसूचनेने ठरविण्याचा अधिकार या कायद्याच्या २२व्या कलमाने केंद्र सरकारला दिलेला आहे. आणि त्याच अधिकारान्वये ११ जुलै २०११ रोजी त्या यादीत बैलाची नोंद झाली. पुढे ७ मे २०१४ रोजी, तमिळनाडूतील जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील शर्यती यांचा एकत्र विचार करून, सर्वोच्च न्यायालयाने दोहोंना मनाई केली. मुक्या जनावराला वेदनेपासून संरक्षण मिळण्याचा हक्क आहे आणि केवळ रूढीचा आधार त्या हक्कापुढे टिकत नाही, हे त्या निकालाचे सार होते.

“लोकांना हवे असताना न्यायालय आडवे का येते?” हा प्रश्न त्या काळी पारापारांवर विचारला गेला. प्रश्न स्वाभाविक होता. परंतु न्यायालयाने अंमलात आणला तो लोकप्रतिनिधींनीच केलेला कायदा होता, आणि तो बदलून घेण्याचा मार्गही लोकप्रतिनिधींच्याच हाती होता. प्राण्यांवरील क्रौर्यास प्रतिबंध हा विषय संविधानाच्या समवर्ती सूचीत असल्यामुळे त्यावर केंद्र आणि राज्य या दोघांनाही कायदा करता येतो. मात्र राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल, तर अनुच्छेद २५४ अन्वये राष्ट्रपतींची संमती मिळाल्यावाचून तो त्या राज्यात टिकत नाही. महाराष्ट्राने २०१७ साली हीच वाट धरली. विधिमंडळाने दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि क्रौर्य करणाऱ्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूदही झाली. तरीही त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींस परवानगी देण्यास मनाई केली; आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये हा सारा वाद पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे सोपविला गेला.

येथे वृत्तपत्रांचे आणि त्यांच्या वाचकांचे दायित्व सुरू होते. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त मुभा दिली, तेव्हा गावोगाव भंडारा उधळला गेला. परंतु तो आदेश अंतरिम होता, मूळ याचिकांचा फैसला अद्याप व्हावयाचा होता. न्यायालयासंबंधीची वार्ता वाचताना म्हणून चार गोष्टी पाहाव्यात: आदेश कोणत्या न्यायालयाचा आहे, तो अंतरिम आहे की अंतिम, छापलेले वाक्य न्यायाधीशांच्या हुकुमातले आहे, त्यांनी सुनावणीत सहज काढलेल्या उद्गारातले आहे, की एखाद्या पक्षाच्या वकिलाच्या युक्तिवादातले, आणि आदेशाला कोणत्या अटी जोडल्या आहेत. निवडणुकीच्या व्यासपीठावरून आश्वासन मिळाले, तर तेही याच रीतीने पारखावे. केंद्राच्या अधिसूचनेचा प्रश्न खासदाराने संसदेत मांडावयाचा, राज्याच्या कायद्याची दुरुस्ती आमदाराने विधिमंडळात घडवावयाची, आणि एखाद्या यात्रेतील शर्यतीची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांनी द्यावयाची. ज्याच्या अखत्यारीत जे नाही, त्याचे श्रेय त्याला देऊ नये आणि दोषही देऊ नये.

अखेर १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरविले. एखादी प्रथा संस्कृतीचा भाग आहे किंवा नाही, हे ठरविणे विधिमंडळाचे काम आहे, असे न्यायालयाने मानले; आणि नव्या कायद्यांनी व नियमांनी जनावरांचे क्लेश पुष्कळ अंशी कमी केले आहेत, या कारणास्तव पूर्वीचे आक्षेप आता उरत नाहीत, असा निर्णय दिला. याचा अर्थ २०१४ सालचा निकाल वाया गेला असा मुळीच नाही. धावपट्टी एक हजार मीटरांहून लांब नसावी, बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी व्हावी, काठी, चाबूक वा विजेचा धक्का यांचा स्पर्शही त्यांना होऊ नये, हे नियम त्याच निकालाच्या दडपणातून जन्माला आले. मंचरचा शेतकरी आणि प्राणिमित्र संघटनेचा वकील, या दोघांचीही कैफियत ऐकली गेली, आणि दोघांच्याही पदरी काही ना काही पडले, हे या संथ आणि खर्चिक प्रक्रियेचे खरे फलित होय.

नियमांच्या काटेकोर अंमलबजावणीची जबाबदारी २०२३ सालच्या निकालाने जिल्हाधिकारी आणि सक्षम अधिकारी यांच्यावर नाव घेऊन टाकली आहे. परंतु घाटाच्या दोन्ही बाजूंना उभा असतो तो गावचा नागरिक, आणि उगारलेली काठी प्रथम दिसते ती त्यालाच. ज्यांनी बारा वर्षे कायद्याच्या मार्गाने हा हक्क मागितला, त्यांनी यंदाच्या यात्रेत यात्रा कमिटीकडे नियमांची प्रत मागावी, ती घाटावर लावण्याचा आग्रह धरावा आणि नियम मोडणारा गाडा आपल्या गावचा असला तरी तो बाद करावा.