चंद्राचा फोटो काढा, मग तो मोजा

"संशोधनाला येण्याआधी नेमकं काय शिकून ठेवू?" असं बरेच एमएस्सीचे विद्यार्थी विचारतात. माझं उत्तर थोडं विचित्र वाटेल: एक महिनाभर चंद्राचे फोटो काढा. वॉलपेपरसाठी नाही, मोजमापासाठी. प्रयोगशाळेत पहिल्या वर्षी जे शिकायला लागतं, त्यातलं बरंचसं या एका कामात येतं, आणि त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.

आधी फोटो नीट यायला हवा

नवख्या माणसाच्या फोटोत चंद्र म्हणजे नुसता पांढरा गोळा असतो. कारण सोपं आहे. कॅमेरा ऑटोवर असला की तो सगळ्या चौकटीतल्या उजेडाची सरासरी धरतो. चौकटीचा बहुतेक भाग काळं आकाश, म्हणून तो जास्त प्रकाश आत घेतो आणि चंद्र करपतो. पण विचार करा, आपल्याकडे रात्र असली तरी चंद्राच्या त्या उजळ भागावर ऊनच पडलेलं आहे, आणि सूर्यही आपल्याइतकाच दूर. म्हणजे सेटिंग जवळपास दिवसाचंच हवं. पौर्णिमेला एफ/११, आयएसओ १०० आणि शटर १/१०० ते १/१२५ सेकंद इथून सुरुवात करा. अष्टमीच्या अर्ध्या चंद्राला याच्या चौपट प्रकाश द्यावा लागतो, कारण तेव्हा ऊन तिरपं असतं आणि खड्ड्या-डोंगरांच्या सावल्या पृष्ठभाग झाकतात. एकूण उजेड तर पौर्णिमेच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास येतो, निम्मा नव्हे!

फोकस हाताने करा, स्क्रीनवर चंद्राची कड मोठी करून बघा. ट्रायपॉड लावा आणि बटण दाबताना हादरा बसू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर ठेवा. खड्डे बघायचे असतील तर पौर्णिमा टाळा. शुक्ल नवमी-दशमीच्या सुमारास उजेड-अंधाराच्या सीमेजवळ कोपर्निकस हे सुमारे ९३ किलोमीटर व्यासाचं विवर सुरेख उठून दिसतं.

मोबाइल वापरणार असाल तर एक सावधगिरी. बरेच फोन अनेक फोटो एकत्र करून, कडा धारदार करून चित्र 'सुधारतात'. ते दिसायला छान असतं, पण ज्यावर नेमकी काय प्रक्रिया झाली हे माहीत नाही, तो डेटा नाही. शक्य असेल तर प्रो मोड आणि रॉ फाइल वापरा.

आता मोजमाप

चंद्र आकाशात साधारण अर्धा अंश जागा व्यापतो. त्यामुळे सेन्सरवर त्याची प्रतिमा फोकल लांबीच्या सुमारे ११०व्या भागाइतकी पडते. ३०० मिलिमीटरच्या लेन्सने सुमारे २.७ मिलिमीटर. पिक्सेल ४ मायक्रॉनचा असेल तर चंद्राचा व्यास झाला सुमारे ६८० पिक्सेल. चंद्राचं अंतर कधी साडेतीन लाख किलोमीटरच्या थोडं वर, तर कधी चार लाखांच्या वर असतं. तेव्हा महिन्याभरात हा आकडा चांगलाच हलतो.

इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. चंद्राच्या उजळ कडेवर आठ-दहा बिंदू टिपा आणि त्यांतून वर्तुळ बसवा. कोर असली तरी चालते, कारण बाहेरची कड वर्तुळाचाच तुकडा असते. समजा, महिन्यातला सर्वांत मोठा व्यास ७१८ पिक्सेल आला आणि सर्वांत लहान ६४२. वजाबाकी ७६, बेरीज १३६०, भागाकार ०.०५६. ही झाली चंद्राच्या कक्षेची विकेंद्रता! पुस्तकातलं सरासरी मूल्य ०.०५५ च्या जवळ आहे. तुमचा आकडा त्याहून थोडा वेगळा येऊ शकतो, कारण सूर्याच्या ओढीमुळे कक्षा दर महिन्याला जराशी बदलते, आणि अमावस्येच्या आसपासचे फोटो मिळतच नाहीत.

खरी परीक्षा इथे आहे

प्रत्येक व्यासात २ पिक्सेलची अनिश्चितता धरली, तर विकेंद्रतेत चूक सुमारे ०.००२ ची. छान वाटतं ना? थांबा. चंद्र क्षितिजावर असताना तो तुमच्यापासून जेवढा दूर असतो, त्यापेक्षा डोक्यावर आल्यावर सुमारे ६,४०० किलोमीटर जवळ असतो, कारण तुम्ही पृथ्वीच्या केंद्रात नाही, पृष्ठभागावर उभे आहात. हा फरक १.७ टक्के, म्हणजे ११ पिक्सेलच्या आसपास. मोठा व्यास डोक्यावर आणि लहान क्षितिजाजवळ मोजला असेल, तर उत्तरात ०.००८ ची चूक शिरली. तुम्ही लिहिलेल्या अनिश्चिततेच्या चौपट!

हजार फोटोंची सरासरी घेतली तरी ही चूक जाणार नाही. यादृच्छिक चूक सरासरीने कमी होते, पद्धतशीर चूक नाही. उपाय दोनच: सगळे फोटो चंद्र साधारण सारख्याच उंचीवर असताना काढा, किंवा उंची नोंदवून दुरुस्ती करा. तसंच एक्स्पोजर जास्त झालं की उजळ कड बाहेर पसरते आणि व्यास फुगतो. झूम लेन्स असेल तर ती दर वेळी शेवटच्या टोकालाच ठेवा. तारीख, वेळ, उंची, सेटिंग हे सगळं वहीत त्याच रात्री लिहा. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेली नोंद ही नोंद नसते.

आणि हीच 'चूक' उलटी करून बघा. एकाच रात्री उगवत्या चंद्राचा आडवा व्यास मोजा (उभा व्यास क्षितिजाजवळ वातावरणातल्या अपवर्तनाने दबतो), मग मध्यरात्री पुन्हा मोजा. उगवताना प्रचंड वाटणारा चंद्र फोटोत किंचित लहान निघेल. त्या पाच-सहा तासांत कक्षेतलं अंतरही बदलतं, पण ते फार तर हजार-दीड हजार किलोमीटर. म्हणजे जो परिणाम मघाशी अडचण होता, त्यातूनच पृथ्वीच्या त्रिज्येचा ढोबळ अंदाज निघतो.

एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय?

टॉलेमीच्या चंद्रसिद्धांताने चंद्राची आकाशातली जागा बरी सांगितली, पण त्यानुसार चंद्राचं अंतर जवळपास निम्मं-दुप्पट बदलायला हवं होतं. म्हणजे अर्धचंद्राच्या सुमारास तो कधीकधी दुप्पट मोठा दिसायला हवा. तसा तो कुणालाच दिसत नाही. तरी सिद्धांत शतकानुशतकं वापरात राहिला. १४व्या शतकात दमास्कसच्या इब्न अल-शातिरने ही विसंगती दूर करणारी रचना मांडली, आणि १५४३ साली कोपर्निकसनेही याच मुद्द्यावर टॉलेमीवर बोट ठेवलं. जागा जुळते म्हणून सिद्धांत बरोबर, असं मानून चालत नाही. त्यातून निघणारी दुसरी राशीही मोजून बघावी लागते.

संशोधनात तुम्हाला हेच करायचं आहे. महागडं यंत्र मिळेल तेव्हा मिळेल. पण 'माझ्या आकड्यात कुठली चूक लपली असेल, आणि ती केवढी?' हा प्रश्न विचारायची सवय आत्ताच लावता येते. पावसाळा सरला की आकाश मोकळं होईल. शुक्ल तृतीयेपासून सुरुवात करा आणि वही सोबत ठेवा.