स्टेथो आपली, बीपी वॉर्डाचं

यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश पक्का झाला की घरात पेढ्यांपाठोपाठ खर्चाची यादी येते. शुल्क, वसतिगृह, मेस, चौरसियांच्या शरीररचनाशास्त्राचे खंड, आणि सर्वांत खाली ‘साहित्य’. या शेवटच्या ओळीत नेमकं काय काय मोडतं, हे झरी-जामणीच्या किंवा महागावच्या एखाद्या शेतकरी घरात सहसा कोणालाच ठाऊक नसतं. मग दोन गोष्टी होतात. सर्जिकलच्या दुकानदारानं पुढे ठेवलेला अख्खा संच उचलला जातो, नाही तर ‘पोरगी डॉक्टर होऊन राहिली, आता मागं-पुढं कायले पाहायचं’ म्हणत सर्वांत महाग ते घेतलं जातं. दोन्हींत पैसा जातो आणि त्यातल्या बऱ्याच वस्तू पहिलं वर्षभर कपाटातून बाहेरही येत नाहीत.

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे तीन मुख्य विषय असतात. २०१९पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षीच रुग्णांशी तोंडओळख करून दिली जाते. पण वॉर्डातली नियमित पोस्टिंग दुसऱ्या टप्प्यापासून सुरू होते. त्यामुळे सुरुवातीला लागतं ते फार थोडं: दोन ऍप्रन, डिसेक्शनचा साधा संच, हातमोजे, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि एक स्टेथोस्कोप. हिमोग्लोबिन मोजायची नळी, रक्तपेशी मोजायची काच, रक्तदाबाचं यंत्र हे सगळं शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत असतं. ते विकत घ्यायचं काहीच कारण नाही.

डिसेक्शनच्या संचात दोन चिमटे, स्कालपेलची मूठ, सुटी पाती आणि एक कात्री एवढं पुरतं. वीस-वीस हत्यारांच्या पेट्या दिसायला भारदस्त असतात. त्यातली निम्मी हत्यारं शेवटपर्यंत चकचकीतच राहतात. चिमट्याची दोन्ही टोकं मिटल्यावर नीट जुळतात का आणि पोलाद गंजणारं तर नाही ना, एवढं बघून घ्यावं.

बोन सेटची गोष्ट वेगळी. हाडांवर स्नायू कुठे चिकटतात, शीर कुठल्या खाचेतून जाते, हे बोटांनी चाचपून शिकायचं असतं. त्यामुळे हाडं हाताशी लागतात हे खरं. एके काळी भारत, त्यातही कलकत्ता, ही जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांना मानवी सांगाडे पुरवणारी मोठी बाजारपेठ होती. १९८५ साली केंद्र सरकारनं ही निर्यात बंद केली. आज फायबरचे साचेबंद संच सर्रास मिळतात आणि चांगल्या साच्यात खाचा-उंचवटे स्पष्ट उमटलेले असतात. नवा संच घेण्याआधी विभागाकडून हाडं अभ्यासाला मिळतात का, हे विचारावं. शिवाय फायबरचा संच झिजत नाही. एका बॅचचा संच पुढच्या बॅचकडे, तिथून त्यापुढच्या बॅचकडे जातो, आणि दर वेळी किंमत उतरते.

खरी घासाघीस होते ती स्टेथोवर.

१८१६ साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रने लाएनेक या डॉक्टरनं एका तरुणीच्या छातीवर कागदाची सुरळी धरून हृदयाचे ठोके ऐकले आणि पुढे तिच्या जागी लाकडी नळी आणली. दोन्ही कानांनी ऐकायची स्टेथो १८५०च्या दशकात आली. तिच्यामागचं भौतिकशास्त्र आजही तेच आहे: छातीवरच्या पडद्याची थरथर बंदिस्त हवेतून कानापर्यंत पोचते. १९६०च्या दशकात डेव्हिड लिटमन या अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञानं हलकी, सुटसुटीत स्टेथो बनवली. १९६७मध्ये थ्री-एम कंपनीनं त्याचा व्यवसाय विकत घेतला आणि लिटमन हे नाव जगभरच्या डॉक्टरांच्या गळ्यात जाऊन बसलं. आपल्याकडे लिटमनचं ‘क्लासिक थ्री’ हे मॉडेल साधारण आठ-दहा हजारांच्या घरात जातं. मायक्रोटोनसारखी भारतीय स्टेथो हजाराच्या आत-बाहेर मिळते.

आठ-दहापट पैसे मोजून आठ-दहापट ऐकू येतं का? गाझा पट्टीत नाकेबंदीमुळे वैद्यकीय साधनांची टंचाई असताना तारिक लुबानी या डॉक्टरच्या ‘ग्लिया’ गटानं थ्रीडी प्रिंटरवर छापता येणारी स्टेथो तयार केली. सामानाचा खर्च तीन डॉलरच्या आसपास. तिचा आराखडा सर्वांसाठी खुला आहे, आणि २०१८ साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात त्यांनी तिच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या: आवाज वाहून नेण्यात ती लिटमनच्या कार्डिओलॉजी मॉडेलच्या तोडीची ठरली. महागड्या स्टेथोचे फायदे खोटे नाहीत. नळी जास्त टिकते, कानातली बोंडं मऊ असतात, गजबजलेल्या वॉर्डात बारीक आवाज पकडणं थोडं सोपं जातं. पण पहिल्या-दुसऱ्या वर्षात शिकायचं असतं ते हृदयाचा पहिला ठोका कोणता, दुसरा कोणता, आणि निरोगी फुफ्फुसात हवा जाताना आवाज कसा येतो. त्यासाठी हजारातली स्टेथो पुरेशी आहे. हृदयरोगाकडे वळायचं ठरलं तर महागडी तेव्हा घ्यावी.

स्वस्तातली घेताना मात्र दुकानात पाच मिनिटं द्यावीत. कानाच्या नळ्या किंचित पुढे, नाकाच्या दिशेनं वळलेल्या असाव्यात, कारण कानाचं भोक तसंच असतं. उलटी घातली की आवाज अर्धा होतो. बोंडं कानात घट्ट बसली पाहिजेत. पडद्यावर बोटानं हळूच टिचकी मारली की दोन्ही कानांत सारखा आवाज यायला हवा. एका कानात दबका आला तर कुठे तरी हवा गळते आहे. छातीला लावायच्या भागाला दोन बाजू असतात. सपाट पडदा उंच पट्टीच्या आवाजांसाठी, आणि वाटीसारखी बाजू खालच्या पट्टीच्या आवाजांसाठी. भाग फिरवल्यावर एका वेळी एकच बाजू चालू होते ना, तेही बघावं. आणि घेतल्यावर ती मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नये. मे महिन्यात यवतमाळचा पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, आणि नळीचं प्लास्टिक उन्हानं व अंगाच्या तेलानं कडक होऊन तडकतं.

ही साधी साधनं काय कामाची असतात, हे या जिल्ह्यानं २०१७च्या पावसाळ्यात पाहिलं. कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसं दगावली. बरेचसे रुग्ण याच महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल झाले. फवारणीत वापरल्या जाणाऱ्या औषधांत प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस अशी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली विषं होती. ही विषं शरीरातल्या कोलिनेस्टरेज या विकराला जखडून टाकतात. रक्तात ते किती उरलं आहे हे प्रयोगशाळा सांगू शकते, पण त्या अहवालाची वाट बघत उपचार थांबवता येत नाहीत. बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली आहे, हे टॉर्चनं कळतं. फुफ्फुसात स्राव साचल्याची खरखर स्टेथोनं ऐकू येते. नाडी मंदावली आहे हे घड्याळावर मोजता येतं. अशा रुग्णाला ऍट्रोपिन देतात, आणि ते किती द्यायचं हेही याच खुणांवर ठरतं: छातीतली खरखर थांबली का, नाडी मिनिटाला ऐंशीच्या वर गेली का, वरचा रक्तदाब ऐंशीच्या वर आला का, बाहुली मोठी झाली का, काख कोरडी पडली का. हे सारं तपासणारी रक्तदाबाच्या यंत्राखेरीजची साधनं अगदी साध्या बजेटमध्ये बसतात.

टॉर्च घेताना पांढऱ्या प्रकाशाची, छोटी आणि बेताच्या उजेडाची घ्यावी. पिवळट प्रकाशात डोळ्यांतली कावीळ चटकन दिसत नाही. कावीळ बघायची ती शक्यतो दिवसाच्या उजेडातच. मोबाइलची टॉर्च बाहुलीसाठी चालते, पण रुग्णाचे डोळे दिपवते. नी-हॅमर शे-दोनशे रुपयांत मिळतो. फार हलका असेल तर गुडघ्याचा प्रतिसाद निघतच नाही आणि दोष विद्यार्थ्याच्या हाताला दिला जातो. म्हणून डोक्याला थोडं वजन असलेला बघावा. ट्यूनिंग फोर्कमध्ये नेहमीची गफलत होते. पायाच्या बोटांना कंप जाणवतो का हे पाहायला १२८ हर्ट्झचा फोर्क लागतो, आणि बहिरेपणाच्या चाचणीला ५१२ किंवा २५६चा. दुकानदार जो हाताशी असेल तो देतो. ही दोन्ही हत्यारं वॉर्डात जायला लागल्यावर घेतली तरी चालतात.

रक्तदाबाच्या यंत्राची घाई तर मुळीच नको. प्रयोगशाळेत, वॉर्डात आणि ओपीडीत ते असतंच. महाराष्ट्रातल्या कित्येक दवाखान्यांत दिसणारी ‘डायमंड’ची यंत्रं पुण्यात बनतात. पाऱ्याची यंत्रं आता मागे पडत चालली आहेत. पाऱ्याच्या प्रदूषणाविरुद्धच्या मिनामाता करारावर भारतानं २०१८ साली शिक्कामोर्तब केलं, आणि पुढचा काळ काट्याच्या किंवा डिजिटल यंत्रांचा आहे. काट्याचं यंत्र हजाराच्या आसपास येतं. ते पडलं-आदळलं की चुकायला लागतं. पट्ट्यात हवा नसताना काटा शून्यावर थांबतो का, हे रोज बघावं आणि दर सहा महिन्यांनी वॉर्डातल्या खात्रीच्या यंत्राशी पडताळून घ्यावं.

पट्ट्याचं माप हा यंत्राच्या किमतीपेक्षा महत्त्वाचा मुद्दा. आतल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण चाळीस टक्के आणि लांबी ऐंशी टक्के असावी लागते. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर रक्तदाब खोटाच जास्त दिसतो. बारीक दंडाला मोठा लावला तर तो कमी दिसतो, आणि एखाद्या किडकिडीत गरोदर बाईचा वाढलेला रक्तदाब त्यात हुकू शकतो. पुढे इंटर्नशिपच्या वेळी स्वतःचं यंत्र घ्यायचं झालं, तर दोन मापांचे पट्टे मिळतील असंच घ्यावं.

यंत्र स्वस्त असलं म्हणजे कामही दुय्यम, असं विदर्भात तरी म्हणता येणार नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांना बालमृत्यूंमागे न्यूमोनिया हे मोठं कारण दिसलं. बाळ मिनिटाला किती श्वास घेतं यावरून तो ओळखता येतो. पण गावातल्या दाईंना तेवढे आकडे मोजता येत नव्हते. म्हणून बंग दांपत्यानं मणी आणि वाळूची घडी असलेला ‘ब्रेथ काउंटर’ तयार केला. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिटाची वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर उपचार सुरू करायचे. अंगणवाडीतली दंडघेराची पट्टी तर निव्वळ एक फीत. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरपेक्षा बारीक भरला, तर ते तीव्र कुपोषित धरलं जातं. मोजपट्टी आणि ही फीत मेडिकलच्या विद्यार्थ्याच्या खिशात असायला हरकत नाही. दोन्हींचा मिळून खर्च एका वडापावाएवढा.

खरेदीच्या बाबतीत दोन बदल ग्राहकाच्या बाजूनं झाले आहेत. जुलै २०२१मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणानं पल्स ऑक्सिमीटर, डिजिटल थर्मामीटर, रक्तदाबाचं यंत्र, नेब्युलायझर आणि ग्लुकोमीटर या पाच साधनांवरचा व्यापारी नफा ७० टक्क्यांपर्यंत रोखला आणि पुष्कळ ब्रँडच्या छापील किमती उतरल्या. सप्टेंबर २०२५मध्ये वैद्यकीय उपकरणांवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला. थर्मामीटरवर तो आधी १८ टक्के होता. पक्कं बिल मागावं, छापील किमतीवरची सवलत विचारावी. वर्गातल्या दहा-पंधरा जणांनी मिळून एकाच दुकानातून घेतलं की भाव आणखी खाली येतो, मग ते दुकान यवतमाळचं असो की नागपूरच्या मेडिकल चौकाजवळचं. लिटमनच्या नावानं नकली मालही फिरतो. हजारात लिटमन मिळते आहे असं दिसलं, तर त्या पैशांत भारतीय कंपनीची स्टेथो बरी.

पहिल्या वर्षापासूनच या विद्यार्थ्यांना गावात जावं लागतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कुटुंब दत्तक उपक्रमात प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबं येतात आणि त्यांच्या तब्येतीवर काही वर्षं लक्ष ठेवायचं असतं. शेजारच्या सेवाग्रामच्या महाविद्यालयात गावात राहून शिकण्याची प्रथा कितीतरी जुनी आहे. अशा भेटीसाठी पिशवीत स्टेथो, टॉर्च, घड्याळ, मोजपट्टी, डिजिटल थर्मामीटर आणि विभागाकडून घेतलेलं बीपीचं यंत्र असलं की भागतं. स्टेथोवर नाव कोरून घ्यावं, कारण वॉर्डात ती सर्वांत आधी हरवते. जुनी स्टेथो सीनियरकडून घ्यायची असेल तर बोंडं आणि पडदा नवे बसवता येतात. नळी मात्र वाकवून बघावी, आणि वाकताना तिच्यावर बारीक भेगा उमटल्या तर ती फुकट मिळत असली तरी घेऊ नये.