जमिनीत जुनं नाणं सापडलं, तर ते किती जुनं हे कसं ओळखायचं?

मार्च 2025 मध्ये 'छावा' सिनेमा गाजत असताना मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरजवळच्या असीरगड परिसरात लोक रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतं खणत होते. मुघलांचं सोनं मिळेल, ही आशा. व्हिडिओ व्हायरल झाले, पोलीसही पोहोचले. सोन्याचं सोडा, पण मातीतून एखादी हिरवट, झिजलेली चकती निघालीच, तर ती कोणत्या काळातली हे कसं ठरवतात?

डिटेक्टर फक्त धातू आहे एवढंच सांगतो. कार्बन डेटिंगही इथे कामाचं नाही. ते लाकूड, कोळसा, हाडं अशा एकेकाळी जिवंत असलेल्या गोष्टींसाठी असतं, तांब्या-चांदीच्या नाण्यासाठी नाही. म्हणून आधी वाचायचा तो नाण्यावरचा मजकूर. मुघल रुपयांवर अनेकदा हिजरी सन, बादशहाचं राज्यवर्ष आणि टांकसाळीचं नाव असतं. हिजरी 1100 म्हणजे इ.स. 1688-89, म्हणजे औरंगजेबाचा काळ.

नाव महाराजांचं, नाणं कधीचं?

महाराष्ट्रात सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो तांब्याच्या शिवराईबाबत. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. हे वाचून नाणं थेट शिवकाळातलंच असं वाटतं. पण याच मजकुराची नाणी पेशवाईत पडत राहिली आणि 1818 नंतर कंपनी सरकारच्या सुरुवातीच्या काळातही. मजकुराच्या मध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी शिवराई, म्हणजे उशिराची. काहींवर फसली सनही असतो. त्यात 590 मिळवले की साधारण इसवी सन निघतो. सन नसेल तर अक्षरांचं वळण, वजन आणि घडण पाहून जाणकार अंदाज बांधतात.

हाताने पाडलेल्या जुन्या नाण्यांवर अक्षरं बऱ्याचदा कडेला कापली जातात, कारण ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा. सगळी अक्षरं पूर्ण, नाणं अगदी गोल आणि कडेवर साच्याच्या जोडाची रेघ असेल, तर संशय घ्या. आणि चिंच-लिंबाने घासू नका! हिरवा थर जातो, त्याबरोबर अक्षरंही.

जागा हरवली की काळही हरवतो

ज्या वस्तूवर मजकूरच नाही, तिचा काळ कळतो तो ती कोणत्या थरात आणि कशाबरोबर सापडली यावरून. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला 1974 मध्ये खोदताना एका गावकऱ्याला काशाच्या चार मूर्ती मिळाल्या: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. एकूण वजन 60 किलोहून जास्त. पण त्या पुरातत्त्वीय उत्खननात, थराची नोंद होऊन निघालेल्या नव्हत्या. काही अभ्यासक त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानतात, तर काहींनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून शंका घेतली. वाद अजून मिटलेला नाही.

म्हणून काही सापडलं तर आजूबाजूला आणखी उकरू नका, जागेचा फोटो काढा आणि कळवा. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ऐवज सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.