एका गोळीचे तीन चित्रपट

३ जानेवारी १९९३, रविवारची रात्र. अमेरिकेत एबीसी आणि सीबीएस या दोन वाहिन्यांवर एकाच वेळी एकाच मुलीवरचे दोन वेगळे चित्रपट सुरू झाले. एनबीसीचा तिसरा चित्रपट त्याआधीच, २८ डिसेंबरला दाखवून झाला होता. तिन्हींत मुलगी तीच, गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज चालवणारा पुरुष तोच, त्याची बायको तीच आणि लाँग आयलंडवरच्या एका घराच्या दारात झाडलेली गोळीही तीच. चॅनेल बदललं की गुन्हेगार मात्र बदलत होता.

खास टीव्हीसाठी काढलेल्या या थरारपटांचा मला फार जुना नाद. चारचौघांत अभिमानाने सांगावा असा नव्हे. केबलच्या दिवसांत रात्री उशिरा ते कुठल्या ना कुठल्या चॅनेलवर हमखास सापडत. गोष्ट आपल्याला पाठ असते. सुखी घर, मुलंबाळं, कुत्रा. नवऱ्याचा एकदाच तोल जातो. मग अवेळी येणारे फोन, त्या बाईने बायकोशी मुद्दाम वाढवलेली ओळख, कुत्र्याचं काहीतरी बरंवाईट आणि शेवटी स्वयंपाकघरातली झटापट. मी तर पहिल्या दहा मिनिटांतच कुत्र्याची काळजी करायला लागतो.

हा साचा कुठून आला, ते वाचकांना ठाऊक आहे. सप्टेंबर १९८७ मध्ये 'फेटल अ‍ॅट्रॅक्शन' आला, मायकल डग्लस आणि ग्लेन क्लोज घराघरांत भांडणाचा विषय झाले आणि उकळत्या पातेल्यातला तो ससा कुणी विसरलं नाही. आपल्याकडे 'प्यार तूने क्या किया'मध्ये (२००१) झपाटलेली ऊर्मिला मातोंडकर आणि बायको सोनाली कुलकर्णी अशी दोन्हीकडून मराठी नट्यांची जुगलबंदी झाली. त्याबद्दल पुष्कळ लिहून झालंय. मला सांगायचंय ते 'फेटल अ‍ॅट्रॅक्शन'च्या आधीच्या आणि नंतरच्या दोन गोष्टींबद्दल.

आधीची गोष्ट म्हणजे 'डायव्हर्जन'. जेम्स डिअरडन या इंग्रज लेखक-दिग्दर्शकाने १९८०च्या सुमारास काढलेला हा छोटा चित्रपट. बायको गावाला गेलेली, नवरा एका परक्या बाईबरोबर रात्र काढतो, बायको परत येते. शेवटी फोन वाजतो आणि तो बायको उचलते. संपलं. ना सुरी, ना ससा. उरते ती त्या माणसाची पांढरी फटक भीती, आणि ती त्याची त्याने ओढवून घेतलेली. 'फेटल अ‍ॅट्रॅक्शन'ची निर्माती शेरी लॅन्सिंग हिला हेच आवडलं होतं. दोघांच्या चुकीची शिक्षा एकट्या बाईने भोगू नये, असं काहीतरी तिच्या मनात होतं.

त्यावरून काढलेल्या मोठ्या चित्रपटाचा मूळ शेवटही या वळणाचाच होता. अ‍ॅलेक्स, म्हणजे ग्लेन क्लोज, 'मादाम बटरफ्लाय'च्या सुरांवर स्वतःचा गळा चिरून घेते आणि सुरीवर डॅनच्या, म्हणजे मायकल डग्लसच्या, बोटांचे ठसे असल्यामुळे पोलीस त्याला उचलतात. चाचणीच्या खेळांत प्रेक्षकांना हे मुळीच पचलं नाही. त्यांना ती बाई मेलेली हवी होती आणि मारणाराही दिसायला हवा होता. ग्लेन क्लोजने नव्या शेवटाला कडाडून विरोध केला, पण अखेर तिला मान तुकवावी लागली. आता बाथटबमध्ये बुडालेली अ‍ॅलेक्स सुरी घेऊन उसळून वर येते आणि बायको तिला गोळी घालते. धंद्याच्या हिशेबाने निर्णय शंभर टक्के बरोबर ठरला, जगभर चित्रपटाने ३० कोटी डॉलरांच्या वर कमावले. पण त्या टबात आणखी एक गोष्ट धुऊन निघाली, ती म्हणजे नवऱ्याची चूक. शेवटच्या चौकटीत नवरा-बायको-मुलीचा फोटो असतो. आपण कशाबद्दल रागावलो होतो, हे प्रेक्षक घरी जाईपर्यंत विसरलेला असतो.

टीव्हीने उचलला तो हाच दुसरा शेवट. टीव्हीची स्वतःची गरजही होती. दोन तासांच्या वेळातून जाहिराती वजा केल्या की चित्रपट जेमतेम दीड तासाचा उरतो. दर थोड्या मिनिटांनी ब्रेक, आणि ब्रेकच्या आधी काहीतरी घडलंच पाहिजे, नाहीतर प्रेक्षक शेजारच्या चॅनेलवर जायचा. त्यामुळे या बायकांचं वेड जाहिरातींच्या वेळापत्रकाने वाढत जातं. पहिल्या ब्रेकला ती फोन ठेवते, दुसऱ्याला दारात उभी राहते, पाचव्याला तिच्या हातात काहीतरी धारदार असतं. तिला विचार करायला, रडायला, नोकरीवर जायला वेळच मिळत नाही. नवऱ्याला मात्र पश्चात्तापासाठी भरपूर वेळ असतो, कारण पश्चात्तापाला सेट लागत नाही.

आणि मग बातम्यांतूनच आयत्या पटकथा मिळायला लागल्या. न्यूयॉर्कजवळच्या वेस्टचेस्टरमधली शिक्षिका कॅरोलिन वॉर्मस हिच्यावर सहकाऱ्याच्या बायकोच्या खुनाचा खटला चालला. पहिल्या खेपेस ज्यूरीचं एकमत झालं नाही, दुसऱ्या खेपेस मे १९९२ मध्ये ती दोषी ठरली. वर्तमानपत्रांनी तिला चित्रपटाचंच नाव चिकटवलं होतं. त्याच वर्षी एबीसी आणि सीबीएसने तिच्यावर एकेक चित्रपट काढला. आपण खून केला नाही, हे तिने कायम सांगितलं. ते ऐकण्याची सोय त्या साच्यात नव्हती.

वॉर्मसचा निकाल लागत होता त्याच महिन्यात, १९ मे १९९२ रोजी, मॅसापिक्वा या गावात सतरा वर्षांची एमी फिशर एका घराची बेल वाजवत होती. दार उघडलं मेरी जो बुटाफुओको यांनी. एमीने आपण एमीची बहीण असल्याची बतावणी केली आणि तुमच्या नवऱ्याचं माझ्या बहिणीशी प्रकरण चालू आहे, असं सांगून पुरावा म्हणून एक टी-शर्ट पुढे केला. त्यावर मेरी जोच्या नवऱ्याच्या, जोईच्या, गॅरेजचं नाव छापलेलं होतं. असा शर्ट कुणाकडेही असू शकतो, असं वाटून मेरी जो संभाषण संपवून वळली आणि एमीने तिच्या डोक्यात गोळी झाडली. मेरी जो वाचली. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, एका कानाने ऐकू येणं गेलं.

साच्यात आणि वास्तवात पहिला फरक इथेच पडला. साच्यात गोळी बायको झाडते.

दुसरा फरक वयाचा. एमी गॅरेजवाल्याला भेटली ती वडिलांबरोबर गाडी दुरुस्तीला नेताना आणि संबंध सुरू झाले तेव्हा ती सोळा वर्षांची होती. तो पस्तिशीतला, दोन मुलांचा बाप. न्यूयॉर्कच्या कायद्यात संमतीचं वय सतरा. म्हणजे जिला वर्तमानपत्रं 'लाँग आयलंडची लोलिता' म्हणत होती, ती गोळी झाडण्याच्या गुन्ह्यात आरोपी होती आणि त्याआधी दुसऱ्या एका गुन्ह्यात बळी होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. टीव्हीला मात्र दोन ब्रेकच्या मध्ये एकच परवडते.

आता पैशाची गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वांत रंजक वाटली. एमीचा जामीन ठरला वीस लाख डॉलर. तिच्या कथेचे हक्क एका निर्मिती कंपनीला विकले गेले आणि त्यातला पैसा जामिनाच्या कामी आला. काही महिने आधी हे जमलं नसतं. न्यूयॉर्कमध्ये १९७७ पासून एक कायदा होता. 'सन ऑफ सॅम' या नावाने धुमाकूळ घालणारा खुनी डेव्हिड बर्कोविट्झ आपली कहाणी विकून गब्बर होईल, या धास्तीने केलेला. आरोपीने किंवा गुन्हेगाराने आपल्या गुन्ह्याची गोष्ट विकली, तर पैसे सरकारी खात्यात अडकवून बळींसाठी राखून ठेवायचे. डिसेंबर १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. वाद होता 'वाइजगाय' या पुस्तकावरून, ज्यातून पुढे स्कॉर्सेसीचा 'गुडफेलाज' निघाला.

न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांचं ते निकालपत्र मिळालं तर जरूर वाचा, कायद्याची भाषा असूनही गंमत येते. कायदा किती भोंगळ आहे हे दाखवायला त्यांनी यादीच दिली आहे. या कायद्याने माल्कम एक्सच्या आत्मचरित्राचे पैसे अडकले असते. कर न भरल्याचं कबूल करणाऱ्या थोरोचे अडकले असते. आणि संत ऑगस्टिन यांचेही, कारण त्यांनी पोरवयात शेजारच्या बागेतली फळं चोरल्याची कबुली आपल्या ग्रंथात देऊन ठेवली आहे! युक्तिवाद बिनतोड आहे. मलाही पटतो. पण संतांची फळं सोडवताना जी वाट मोकळी झाली, तिच्यावरून पाच महिन्यांनी कोण चालत आलं, तेही पाहावं लागतं.

तर तीन चित्रपट. एनबीसीचा एमीच्या बाजूचा, नावच 'एमी फिशर: माय स्टोरी'. नोएल पार्कर एमी झाली. इथे जोई हा भोळ्या मुलीला नादी लावणारा. सीबीएसने बुटाफुओको दांपत्याकडून हक्क मिळवले आणि 'कॅज्युअल्टीज ऑफ लव्ह' काढला, अलिसा मिलानोला घेऊन. त्यात जोईचं एमीशी काही नव्हतंच. एक भला संसारी माणूस, त्याच्या मागे लागलेली खोटारडी पोर. एबीसीने कुणालाच पैसे दिले नाहीत. न्यायालयीन कागदपत्रं आणि बातम्यांच्या आधारे गोष्ट रचली, 'न्यूयॉर्क पोस्ट'च्या एमी पॅग्नोझी या पत्रकार बाईंनाच पात्र बनवलं आणि मुख्य भूमिकेत ड्र्यू बॅरीमोर घेतली, जी स्वतः त्या वेळी सतराच वर्षांची होती.

हे कागदावर संतुलित वाटतं. प्रत्यक्षात एबीसीचाच चित्रपट सगळ्यांत भडक आहे. कुणाची बाजू घ्यायची नसल्यामुळे त्यांनी साच्याची बाजू घेतली. बॅरीमोर चांगलं काम करते, पण कॅमेऱ्याला तिच्यात शाळकरी मुलगी दिसतच नाही, सावज हेरणारी बाई दिसते. प्रेक्षकसंख्येत एबीसी पहिली आली, एनबीसी थोडक्यात दुसरी, सीबीएस तिसरी.

माझ्या मते तिन्हींत सीबीएसचा चित्रपट सर्वांत बोधप्रद आहे, चांगला मुळीच नसूनही. 'फेटल अ‍ॅट्रॅक्शन'च्या टबात जे अर्धवट धुतलं गेलं होतं, ते इथे साबण लावून धुतलं. तिथे निदान नवरा एकदा तरी घसरला होता. इथे तो घसरतच नाही, बाई आपोआप वेडी होते. नवऱ्याला पूर्ण निर्दोष करायचं ठरवलं की गोष्ट कशी कोसळते, ते पाहायचं तर हा चित्रपट पाहावा. मुलगी का गोळी झाडते याला मग काही कारणच उरत नाही आणि ती भूतपटातल्या हडळीसारखी उगवते.

त्या वेळी लोकांना हे कळत नव्हतं असं नाही. जानेवारीतच 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या विनोदी कार्यक्रमात मडोनाने जोईचा फोटो टराटरा फाडला. काही महिन्यांपूर्वी त्याच मंचावर गायिका शिनेड ओ'कॉनरने पोपचा फोटो फाडला होता, त्याची ही टवाळी.

पण चित्रपटाच्या जिव्हारी घाव घातला तो न्यायालयाने. ऑक्टोबर १९९३ मध्ये, म्हणजे सीबीएसच्या प्रसारणानंतर नऊ महिन्यांनी, जोई बुटाफुओकोने अल्पवयीन मुलीशी संबंध ठेवल्याचा गुन्हा कबूल केला. शिक्षा सहा महिने, तुरुंगात काढले चारेक. एमीला पाच ते पंधरा वर्षांची शिक्षा आधीच झाली होती, तिने जवळपास सात वर्षं भोगली. मला एमीची शिक्षा जास्त वाटत नाही. मेरी जोचा चेहरा आठवला की वाटूही नये. खटकतो तो त्या चार महिन्यांचा आकडा.

आणि मेरी जो? तिन्ही पटकथांत ती दार उघडते, पडते, इस्पितळात पडून राहते. तिन्ही वाहिन्यांना तिची गरज एका गोळीपुरती होती. खरी मेरी जो मात्र अनेक वर्षं ठामपणे नवऱ्याच्या बाजूने उभी राहिली, मुलाखतींत त्याची पाठराखण करत राहिली. १९९९ मध्ये एमीच्या सुटकेचा प्रश्न न्यायालयापुढे आला, तेव्हा तिने सुटकेला पाठिंबा दिला. २००३ मध्ये ती जोईपासून विभक्त झाली. २००९ मध्ये तिचं पुस्तक आलं. त्याच्या शीर्षकात ती स्वतःच्याच जाड टाळक्याची थट्टा करते, आणि आपण नवऱ्याजवळ इतकी वर्षं का राहिलो, हे इतर बायकांना सावध करण्यासाठी सांगते.