ओट्याची उंची कोण ठरवते?

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये ओटा किती उंच असावा, हे आजवर दोघांनी ठरवले. आधी गवंड्याने आणि आता मॉड्युलर किचनच्या कारखान्याने. गवंड्याचा हात 30 ते 32 इंचांवर बसलेला असे. कारखान्याचे कपाट 72 सेंटिमीटर, खाली 10 ते 15 सेंटिमीटरचे पाय आणि वर दगड, अशी बेरीज 34 ते 36 इंचांवर जाते. हे माप युरोपातल्या उंच बांध्यासाठी रूढ झाले. आपल्याकडच्या बाईची सरासरी उंची 152 सेंटिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे जेमतेम पाच फूट.

आता थोडे गणित करू. पाच फुटांच्या बाईचे कोपर जमिनीपासून साधारण 95 सेंटिमीटरवर येते आणि खांदा 125 वर. ओटा 90 सेंटिमीटर धरला, त्यावर ठेवायची शेगडी 12 आणि शेगडीवरची कढई 10, तर कढईचा काठ 112 सेंटिमीटरवर गेला. ही बाई भाजी परतते तेव्हा तिचा हात कोपरापासून नव्हे, खांद्यापासून उचललेला असतो. दोन वेळचा स्वयंपाक करणाऱ्या कितीतरी बायकांची मान आणि उजवा खांदा चाळिशीतच दुखू लागतो. तेव्हा वयाला बोल लावला जातो, व्यायाम सुचवले जातात. ओट्याला टेप लावून पाहायचे मात्र कोणाच्या मनात येत नाही.

नवे स्वयंपाकघर करणाऱ्या घरांत पहिली चर्चा शटरच्या रंगाची होते, दुसरी चिमणीच्या कंपनीची. उंची, हवा आणि कामाचा क्रम हे नंतर बदलता येत नाही, तरी त्याबद्दल बोलणे सगळ्यात कमी होते. म्हणून हा लेख त्याबद्दलच आहे.

मराठी घरात उभ्याने स्वयंपाक करण्याची रीत जुनी नाही. चुलीपाशी बसावेच लागे. लाकडे पुढे सारायची, फुंकणीने फुंकायचे, मुख्य चुलीवर भात आणि वैलावर आमटी, आणि भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यांपुढे उभी करून शेकायची. ही सगळी कामे जमिनीलगतची होती. विळीवर बसून चिरायचे, पाट्यावर बसून वाटायचे, परात पुढ्यात घेऊन कणीक तिंबायची. पंपाचा स्टोव्ह आला तरी तो जमिनीवरच राहिला, कारण त्यालाही सतत पंप मारावा लागे, पिनेने साफ करावे लागे. 1955च्या सुमारास बर्मा-शेल कंपनीने मुंबईत सिलिंडरचा गॅस विकायला सुरुवात केली आणि 1965मध्ये इंडेन आला. गॅसच्या ज्योतीला लाकूड सारावे लागत नाही, फुंकरही लागत नाही. जमिनीवर बसण्याचे मुख्य कारणच संपले. नव्या सोसायट्यांच्या इमारती आणि गॅस साधारण एकाच काळात आले आणि दोघांनी मिळून ओटा रूढ केला. गुडघ्यांची सुटका झाली, धुरातून डोळे वाचले. हा बदल फार मोठा होता आणि तो हवाच होता. पण बसून करायच्या कामांसाठी ओट्यावर जागाच ठेवली गेली नाही. भाजी निवडणे, मटार सोलणे, तांदूळ निवडणे ही कामे मग हॉलमधल्या खाटेवर किंवा टीव्हीपुढे गेली.

कामाप्रमाणे स्वयंपाकघर कसे आखायचे, हा प्रश्न जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरापुढे 1926मध्ये आला होता. पहिल्या महायुद्धानंतर घरांची प्रचंड टंचाई होती आणि नगररचनाकार एर्न्स्ट माय यांच्या देखरेखीखाली शहराने कामगारांसाठी हजारो घरे बांधायला घेतली. त्यांतल्या स्वयंपाकघराचे काम मार्गारेटं शुटं-लिहोत्स्की या तरुण वास्तुविशारद बाईंकडे आले. त्यांनी हातात घड्याळ घेऊन घरकामाच्या वेळा मोजल्या. अमेरिकेतल्या क्रिस्टीन फ्रेडरिक यांचे घरकामाच्या शास्त्रशुद्ध आखणीवरचे पुस्तक अभ्यासले. रेल्वेच्या भोजनडब्यात अगदी छोट्या जागेत एवढ्या माणसांचे जेवण कसे बनते, तेही पाहिले. त्यातून 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब असे स्वयंपाकघर तयार झाले. डाळ-पीठ-साखरेसाठी नाव कोरलेले ॲल्युमिनियमचे खण होते, ते बाहेर ओढून चोचीने थेट भांड्यात ओतता येत. चिरताना निघणारा कचरा एका सरकत्या खणात पडे. अशी सुमारे 10,000 स्वयंपाकघरे बांधली गेली. आजच्या मॉड्युलर किचनची ती मूळ आजी म्हणायला हरकत नाही.

तिच्यातली एक गोष्ट मात्र नातींनी टाकून दिली. खिडकीखालचा कामाचा ओटा शुटं-लिहोत्स्कींनी बसून काम करण्यासाठी आखला होता आणि त्यापुढे फिरते स्टूल ठेवले होते. उभ्याने करायचे काम वेगळे आणि बसून करायचे वेगळे, हे त्यांनी आराखड्यातच मान्य केले होते. त्या स्वयंपाकघरावर टीकाही झाली. त्यात एकच माणूस मावतो, बाई घरापासून तुटते, असे पुढच्या पिढीतल्या स्त्रियांनी म्हटले, आणि ते खरेही आहे. शुटं-लिहोत्स्की पुढे नाझींविरुद्धच्या लढ्यात उतरल्या, तुरुंगात गेल्या आणि जवळजवळ 103 वर्षे जगून 2000 साली वारल्या. स्वयंपाकघराखेरीज त्यांनी शाळा आणि बालवाड्याही आखल्या. पण लोकांना त्यांचे स्वयंपाकघर तेवढे आठवत राहिले.

आपल्याकडच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत स्वतंत्र स्वयंपाकघराला किमान 5 चौरस मीटर जागा आणि 1.8 मीटर रुंदी सांगितली आहे. म्हणजे रुंदी जवळपास फ्रँकफुर्टएवढीच. सहा फुटांच्या रुंदीत एका बाजूला दोन फुटांचा ओटा घेतला की चार फूट उरतात. समोरासमोर दोन ओटे हवेत असा हट्ट धरला, तर मध्ये दोन फूट राहतात. खालचा खण उघडला की माणूस अडकतो, आणि दोघांनी मिळून स्वयंपाक करायची सोयच उरत नाही. अशा खोलीत एक सरळ किंवा काटकोनातला ओटा घ्यावा आणि समोरच्या भिंतीला फूटभर खोलीची फडताळे करावीत. डबे-बरण्यांना फूटभर खोली भरपूर होते, शिवाय मागे पडून विसरले गेलेले काही राहत नाही.

सिंक, शेगडी आणि फ्रिज यांचा त्रिकोण हा अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात 1940च्या दशकात मांडला गेलेला ठोकताळा. तिन्ही बाजूंची बेरीज 13 ते 26 फूट असावी, असे तो सांगतो. पाच चौरस मीटरच्या खोलीत चालणे तसेही फार होत नाही. तिथे महत्त्वाचा असतो तो क्रम: धुणे, चिरणे, शिजवणे. सिंक आणि शेगडी यांच्यामध्ये किमान दोन फूट, जमले तर तीन फूट मोकळा दगड हवा. चिरलेल्या भाजीचे ताट, कणकेची परात, पोळपाट, मसाल्याचा डबा हे सगळे तिथेच येते. कितीतरी फ्लॅटमध्ये शेगडी सिंकला खेटून असते, आणि मोकळा दगड मात्र पलीकडे फ्रिजपाशी निरुपयोगी पडून असतो. नूतनीकरणात एवढा एक बदल झाला तरी रोजचे श्रम जाणवण्याइतके कमी होतात.

उंचीकडे परत येतो. एका स्वयंपाकघराला एकच उंची पुरत नाही. सिंकचा तळ दगडाच्या खाली आठ-नऊ इंच असतो, म्हणून भांडी घासायची जागा उंच हवी. तिथे 34 इंच ठीक. चिरण्याची जागा कोपरापेक्षा 10 ते 15 सेंटिमीटर खाली, म्हणजे पाच फुटांच्या बाईसाठी 32-33 इंच. पोळी लाटताना वरून जोर द्यावा लागतो, त्यासाठी आणि शेगडीसाठी 29-30 इंच. शेगडी दगडात बसवायची, म्हणजे हॉब, असेल तर बर्नर दगडाच्या किंचितच वर येतो आणि मग दोन इंच उंची जास्त चालते. ओटा काटकोनात असेल तर पायरी नेमकी कोपऱ्यात घ्यावी. सलग दगडाच्या मध्येच पायरी घेतली, की सांध्यात पाणी आणि पीठ साचते. बसण्यासाठी ओट्याखाली दोन फुटांची जागा कपाटाविना मोकळी सोडावी आणि तिथे 65 सेंटिमीटरवर बाहेर ओढायची फळी बसवावी. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पुन्हा स्वयंपाकघरात बसायला जागा मिळते.

हे आकडे छापील आहेत. खरे माप घरातच घ्यायचे. विटांवर प्लायवूडचा तुकडा टाकून त्यावर परात आणि पोळपाट ठेवावा, रोज स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीने नेहमीच्या चपला घालून चार पोळ्या लाटून पाहाव्यात, आणि खांदे उचलले जाणार नाहीत तोवर विटा कमी कराव्यात. हे सगळे प्लंबर आणि वायरमन भिंत फोडायच्या आधी व्हायला हवे. नळ आणि प्लगचे पॉइंट भिंतीत गेले, की ओटा हलत नाही.

आधी माप घेण्याची ही गोष्ट मुंबईत आज फार मोठ्या प्रमाणावर लागू आहे. 1920च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला बांधलेल्या 207 बीडीडी चाळींमध्ये 160 चौरस फुटांच्या खोल्यांत कुटुंबे राहत आली. पुनर्विकासात त्यांना 500 चौरस फुटांचे घर मिळायचे आहे आणि ऑगस्ट 2025मध्ये वरळीत पहिल्या 556 घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. एका खोलीत संसार केलेल्या बायकांना पहिल्यांदाच स्वतंत्र स्वयंपाकघर मिळते आहे. ती घरे सजवायला निघालेल्या मुला-सुनांनी आईची उंची विचारात घ्यावी, असे मनापासून वाटते.

हवेचा मुद्दा जिवावर बेतणारा आहे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर ओट्याखाली बंद शटरमागे ठेवायचा असेल, तर शटरच्या तळाशी जाळी हवीच. पाइपने येणारा नैसर्गिक वायू मात्र हवेच्या निम्म्याइतका हलका असतो, तो छताकडे जातो. सिलिंडरवरून पाइप गॅसवर आलेल्या घरात वरचा झरोका उघडा लागतो, आणि नूतनीकरणात नेमका तोच जिप्समच्या छतामागे किंवा कपाटाच्या पाठीमागे गाडला जातो. ड्राय बाल्कनीला काचा लावून ती बंद करणे हाही याच जातीचा धोका आहे.

चिमणीचे गणितही सोपे आहे. ताशी 1,000 घनमीटर हवा खेचणारी चिमणी 6 चौरस मीटर आणि पावणेतीन मीटर उंच खोलीत लावली, तर तासाला साठ वेळा खोलीतली सगळी हवा बदलायला हवी. खिडक्या बंद असतील तर नवी हवा येणार कुठून? मग चिमणी नुसता आवाज करते. त्यातही ड्राय बाल्कनीत गॅस गिझर असेल, तर बंद घरातली चिमणी गिझरचा विषारी वायू उलटा आत ओढू शकते. खिडकी थोडी उघडी ठेवूनच चिमणी लावावी. नळी शक्य तितकी सरळ आणि आखूड असावी, प्रत्येक वळणाला जोर कमी होतो. बाहेर नळी न काढता नुसत्या कोळशाच्या गाळणीवर चालणारी चिमणी वाफ आणि उष्णता घरातच ठेवते, ती मिरचीच्या फोडणीपुढे टिकत नाही. हॉल आणि स्वयंपाकघर यांमधली भिंत पाडायची असेल तर आधी हा ठसका कुठे जाणार ते ठरवावे. शिवाय जुन्या इमारतीत ती भिंत भार पेलणारी आहे की नाही, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच तपासून घ्यावे.

मांडणीबद्दल माझे मत ठाम आहे. भिंतीवरची स्टीलची मांडणी ही मराठी स्वयंपाकघराची उत्तम सोय आहे. ताटे उभी निथळतात, वाटी कुठे आहे ते दिसते, झुरळाला लपायला जागा राहत नाही. ती काढून ओली ताटे बंद खणात ठेवणे ही प्रगती नव्हे. ओट्याखाली कपाटे करायची, तर सिंकखाली तरी पाण्यात टिकणारे, आयएस 710 मानकाचे प्लायवूड वापरावे. लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड पहिल्याच गळतीत फुगतो.

आणि शेवटी दगड. संगमरवर आणि कडप्पा दोन्ही चुनखडीच्या कुळातले, म्हणून लिंबू, चिंच, कोकम यांनी त्यांची चकाकी मरते. ग्रॅनाइट या आंबटाला दाद देत नाही. सध्या क्वार्ट्झची चलती आहे. तो कारखान्यात राळ घालून केलेला दगड असून त्यात सिलिका 90 टक्क्यांहून जास्त असू शकते. गरम कढई थेट ठेवली तर राळेवर डाग पडतो. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे तो कोरडा कापताना उडणारी धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. तरुण कामगारांना हा आजार होऊ लागल्यावर ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024पासून या दगडावर बंदी घातली. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, आणि आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये तोंडाला रुमाल बांधून कोरडे कटर चालवणारी मुले आपण रोज पाहतो. रुमालाने ही धूळ अडत नाही. कंत्राटदाराशी बोलताना पाणी सोडून कापण्याची आणि योग्य मास्कची अट घालावी आणि त्याचे पैसे द्यावेत. ओट्याची मापे, सिंकचे आणि हॉबचे भोक हे सगळे आधीच पक्के केले असेल, तर दगड कारखान्यात पाण्याखाली कापून येतो आणि घरी फक्त बसवायचा उरतो.