जाते, ओवी आणि ध्वनिफीत

वर्धा जिल्ह्यात बोर धरणाच्या वाटेवर आमचे हिंगणी गाव आहे. कॉलेजला सुटी असली म्हणजे मी तिथे जातो आणि एका दिवसात दोन धंदे करतो. सकाळी ध्वनिरचना, दुपारनंतर ओव्यांचे संशोधन.

ध्वनिरचना म्हणजे काय? गीताला चाल लावणे नव्हे. श्रुतिकेत पाऊस हवा असेल, तर सुपात तांदूळ फिरवावे. वाळक्या पानांवर पाय दिला की जंगल उभे राहते. असे आवाज एकापुढे एक, एकावर एक बसवायचे, म्हणजे न दिसणारा प्रसंग ऐकणाऱ्याला दिसतो. यात कापाकापी फार. नको तो आवाज काढून टाकणे हेच निम्मे काम.

संशोधनाचे उलट. तिथे काही टाकायचे नसते. खोकलासुद्धा नाही! सकाळचा हात दुपारी आवरावा लागतो, आणि तो मला एकदा आवरला नाही.

आमच्या मोठीमायला जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. यंत्र घेऊन बसलो, तर जात्याच्या घरघरीत शब्द बुडू लागले. म्हटले, जरा जाते थांबव. तिने थांबवले, एक ओळ म्हटली आणि दुसरी काही केल्या आठवेना. म्हणाली, "जातं थांबलं त ओवी बी थांबते, बाबू." मग दळतच गायली. पुढे एका रूपकासाठी मी संगणकावर ती घरघर कापली, खोकला काढला, गळा स्वच्छ केला. रूपक छान झाले. पण मूळ प्रतीवरच काम केले होते. वर्षभरात मोठीमाय गेली. नंतर ओळ जात्याच्या किती फेऱ्यांत बसते हे मोजायला बसलो, तर फेऱ्याच नव्हत्या. मीच त्या पुसल्या होत्या.

दोन्ही कामे नीट सांभाळता येतात, हे पुण्याच्या कामावरून दिसते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. संग्रह एक लाखावर गेला. पुढे त्यांना बर्नार्ड बेल येऊन मिळाले. हे गृहस्थ मूळचे अभियंते. १९८०च्या दशकात त्यांनी जेम्स किपेन यांच्याबरोबर तबल्याच्या बोलांचे व्याकरण संगणकाला शिकवले होते. तेच साधन पुढे संगीतरचनेलाही उपयोगी पडले. ओव्यांच्या शंभराहून अधिक तासांच्या फिती झाल्या, आणि कोणती ओवी कोणत्या गावची, कोणी गायलेली, याची नोंद राहिली.

ही नोंद शिक्षकबंधूंनी अवश्य ठेवावी. शाळकरी मुलेही ठेवू शकतील: तारीख, गाव, गाणारीचे माहेर, आणि दळण कशाचे होते तेही, कारण ज्वारीला आणि डाळीला जात्याची चाल सारखी नसते. मूळ फीत दोन ठिकाणी जपावी. रचनेसाठी वेगळी प्रत करावी, तिचे काय वाटेल ते करावे. मी आता दुपारी मूळ फीत कपाटात ठेवून किल्ली घरच्यांकडे देतो. (त्यांना याची गंमत वाटते.)

गावात पीठ गिरणीवर होते. जाते निघते ते लग्नात, हळदीपुरते. येत्या लग्नसराईसाठी दोन घरी सांगून ठेवले आहे. यंत्र जात्यापासून हातभर लांब ठेवीन, आणि जाते थांबवा असे काही म्हणणार नाही.